नेम

पेन्सकोला, १९२६

बापाने शिडं शिवली, मी पंख शिवते.
तळहातावर तीच चामडी पट्टी, तीच तिकोनी सुई,
दोऱ्याला तेच मेण.
त्याची शिडं लाल मासळी आणायला
पार कँपेचीपर्यंत जायची.
आता खाडीत उभी असतात ही जोडपंखी विमानं,
पोटाखाली एक मोठी होडी, पंखांच्या टोकांना दोन छोट्या,
झगा भिजू नये म्हणून
वर धरून पाण्यात शिरलेल्या बायांसारखी.

मागच्या खुर्चीत पोरगं, पोरग्याच्या हाती बंदूक,
बंदूक गोल कड्यावर फिरते
आणि तिच्यामागे पोरगंही.
दुसरं विमान लांब दोरीवर
एक कापडी पिशवी ओढत नेतं.
ती पिशवी म्हणजे शत्रू.
शत्रूही मीच शिवते. पंधरा फूट, दुहेरी शिवण.

ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या रंगात बुडवलेल्या:
लाल, निळ्या, काळ्या. थर्लोच्या हिरव्या.
संध्याकाळी पिशवी माझ्या टेबलावर येते,
खारट, अर्धी ओली,
आणि मी भोकं मोजते.
एका गोळीची भोकं दोन.
आत शिरलेलं नीट, कडा आत वळलेल्या;
बाहेर पडलेलं फाटकं, धागे बाहेर.
दोनाने भागायचं, पाटीवर लिहायचं, ठिगळ लावायचं.
सकाळी शत्रू पुन्हा धडधाकट.

हिरवं कधी नसायचंच.

शनिवारी थर्लो दारात आला, टोपी हातात,
आयोवाच्या मक्याच्या रानातला, कान उन्हाने सोललेले.
"किती?"
"अजून मोजतेय," म्हटलं मी.
मोजण्यासारखं काही नव्हतं.
सोमवारी शेवटची परीक्षा. सात लागल्या तर जहाज,
नाहीतर घर. घरी बाप.
बापाबद्दल तो एकदाच बोलला होता,
तेही माझ्याशी नाही, हातातल्या रिळाशी.

सोमवारी लाल बावीस, निळ्या नऊ, काळ्या चौदा.
हिरवी एक,
तीही शेपटाकडच्या शिवणीला चाटून गेलेली.

जन्मभर भोकं बुजवणारी बाई मी.
दिवा जवळ ओढला, आरी घेतली.
सहा वेळा बाहेरून आत.
मग पिशवी उलटी केली, सहा वेळा आतून बाहेर,
कारण धागे बाहेर यायला हवेत.
खिडकीच्या चौकटीचा उरलेला हिरवा रंग होता,
तो काडीने एकेकाच्या ओठाला.

हॅल्वर्सन मोजायला आला. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
खरी भोकं लांबट असतात,
पळत्या विमानातून पळत्या कापडात तिरकी शिरलेली.
माझी गोल, डूल घालायला कान टोचावेत तशी.
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
त्याने एकावर बोट ठेवलं. मग आरीकडे पाहिलं.
आरीच्या टोकाला हिरवं.
बाहेर कुणीतरी इंजिन सुरू करत होतं,
ते धरेना, पुन्हा धरेना.
"सात," तो म्हणाला, आणि लिहिलं.
जाता जाता म्हणाला, "आज वारा पूर्वेचा आहे."

थर्लो जहाजावर गेला.
पत्र नाही. लिही, असं मी सांगितलंही नव्हतं.
समुद्राचा नेम नाही, माणसाचा नाही,
टपालाचा तर नाहीच.
नेम नसलेल्याच्या हाती बंदूक दिली, ते त्याचं भलं केलं,
की त्याच्या पुढच्या खुर्चीतल्या माणसाचं वाटोळं,
की पिशवीच्या जागी उद्या खरंच कुणी आला,
तर त्याचं भलं?
रात्री हे दोनाने भागून बघते.
भाग जात नाही.

माझी भोकं मी त्याच आठवड्यात बुजवली.
ते एक, शिवणीपाशी, लांबट, त्याचं स्वतःचं,
तेवढं ठिगळाविना राहून गेलं.
पिशवीत वारा भरला की तिथून बारीक शीळ येते,
असं ओढणारा पायलट परवा सांगत होता.
इंजिनाच्या त्या गोंगाटात
त्याला ती ऐकू आली असेल, असं वाटत नाही.
मी विचारलं नाही.